भूतबंगला (करमणूक उद्यान)

हा लेख करमणूक उद्यानांतील भूतबंगल्यांविषयी आहे. १९६५ साली प्रदर्शित झालेल्या हिंदी चित्रपटासाठी पाहा : भूत बंगला (चित्रपट).

भूतबंगला म्हणजे तिकीट काढून आत आलेल्या प्रेक्षकाला ठरावीक वाटेने चालवत नेऊन भीतीचा अनुभव देणारी, त्याच हेतूने उभारलेली अंधारी वास्तू होय. गावोगावच्या जत्रांतील कनातीच्या भूतबंगल्यापासून मोठ्या उद्यानांत हॅलोविनच्या हंगामापुरत्या उभारल्या जाणाऱ्या खर्चिक भयदालनांपर्यंत त्याची अनेक रूपे आढळतात. अशी वास्तू उभारताना एक निवड आरंभीच करावी लागते. भीतीची कथा स्वतः रचायची, की गाजलेल्या चित्रपटाची कथा व पात्रे परवान्याने घ्यायची? पहिल्या प्रकाराला स्वतंत्र संकल्पनेचा आणि दुसऱ्याला चित्रपटाधारित भूतबंगला म्हणता येईल. खर्च, परवाने आणि बांधणी या निवडीवर अवलंबून असतातच. शिवाय त्या अंधारात कोणत्या प्रदेशाची भुते उभी राहणार, हेही तिच्यावरच ठरते.

नाव

मराठीत 'भूतबंगला' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. ओस पडलेल्या, लोक ज्याच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत अशा जुन्या घरालाही भूतबंगला म्हणतात आणि जत्रेतील आकाशपाळण्याशेजारच्या खेळालाही. परदेशी उद्यानांत अशा दालनाला 'हॉन्टेड हाउस' किंवा 'मेझ' म्हणतात. 'मेझ'चा शब्दशः अर्थ भुलभुलैया असला, तरी लखनौच्या बडा इमामबाड्यातील भुलभुलैयाप्रमाणे येथे वाटेला फाटे फुटत नाहीत. वाट एकच असते. ती वळणावळणाची, अरुंद आणि काळोखी ठेवून प्रेक्षकाला वाट चुकल्याचा भास दिला जातो. मागून सतत लोक येत असल्याने कोणी आत खरोखरच हरवणे उद्यानाला परवडणारेही नसते.

हॅलोविनशी संबंध

३१ ऑक्टोबरची रात्र ही ख्रिस्ती परंपरेतील 'सर्व संतांच्या सणा'ची पूर्वसंध्या. आयर्लंड व स्कॉटलंडमधील ऋतुबदलाच्या जुन्या प्रथा तिच्यात मिसळल्या, स्थलांतरितांबरोबर त्या अमेरिकेत गेल्या आणि तेथे वेषांतर, भोपळ्याचे दिवे व भीतीचे खेळ असे तिचे आजचे रूप घडले. महाराष्ट्रात ही रात्र मॉल, हॉटेले आणि करमणूक उद्याने यांच्यामार्फत पोहोचली. वसईत मात्र या दिवसांचा मूळ धार्मिक अर्थ पूर्वीपासून परिचित आहे. येथील कॅथलिक समाज १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण आणि २ नोव्हेंबरला मृतांचा स्मरणदिन पाळतो. थडगी स्वच्छ करून त्यांवर फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लावल्या जातात. मृतांविषयीच्या आदराचा हा दिवस आणि मृतांच्या नावाने भीती विकण्याची ती रात्र यांत दोनच दिवसांचे अंतर आहे.

परदेशातील वाटचाल

उद्यानात हॅलोविनचा हंगाम साजरा करण्याची पद्धत कॅलिफोर्नियातील नॉट्स बेरी फार्म या उद्यानाने १९७३ साली सुरू केली. तेथील भूतबंगले बहुतांशी स्वतंत्र कल्पनांवर आधारित राहिले. युनिव्हर्सल या चित्रपटसंस्थेच्या ऑरलँडो येथील उद्यानात असा उत्सव १९९१ मध्ये सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी त्याला 'हॅलोविन हॉरर नाइट्स' हे आजचे नाव मिळाले. सिंगापूरच्या उद्यानात तो २०११ पासून होऊ लागला.

चित्रपटसंस्थेचे उद्यान असूनही ऑरलँडो येथे स्वतंत्र संकल्पनांना मोठे स्थान मिळाले, ही लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. २००० साली उद्यानाच्याच कलावंतांनी 'जॅक' नावाचा विदूषक निर्माण केला. तो कोणत्याही चित्रपटात नव्हता, तरी त्याची लोकप्रियता एवढी वाढली की पुढील काळात त्याला पुन्हा पुन्हा परत आणावे लागले. २००७ मध्ये तो परतला तेव्हा त्याच्या जोडीला 'ए नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट', 'फ्रायडे द थर्टीन्थ' आणि 'द टेक्सस चेनसॉ मॅसेकर' या चित्रपटांवरील घरे होती. अलीकडे या उद्यानात एका हंगामात दहा घरे उभारली जातात. त्यांतील साधारण निम्मी स्वतंत्र असतात. हॉलिवूड येथील उत्सवात मात्र चित्रपटाधारित घरांचे प्रमाण स्पष्टपणे अधिक असते.

कथेचा प्रवास उलट दिशेनेही होतो. डिस्नेलँडमधील 'हॉन्टेड मॅन्शन' ९ ऑगस्ट १९६९ रोजी खुले झाले, ते पूर्णपणे स्वतंत्र कल्पनेवर. त्याच्यावरून चित्रपट निघाला तो २००३ मध्ये, आणि २०२३ मध्ये आणखी एक.

महाराष्ट्रातील उदाहरणे

वसई-विरार, मिरा-भाईंदर आणि उत्तर मुंबईतील एका संपूर्ण पिढीची करमणूक उद्यानाशी पहिली ओळख गोराई येथील एस्सेलवर्ल्डमुळे झाली. हे उद्यान १९८९ साली सुरू झाले. वालीव, नायगाव किंवा वसई गावातून जाणाऱ्यांना खाडीपलीकडे भाईंदरला उतरून उत्तनमार्गे रस्त्याने गोराई गाठता येत असे. शाळांच्या सहलींचे ते ठरलेले ठिकाण होते. तेथील 'मॉन्स्टर्स इन द मिस्ट' हा भीतीचा खेळ नावापासूनच परदेशी वळणाचा होता, मात्र तो एखाद्या चित्रपटावर बेतलेला नव्हता.

खोपोली–पाली मार्गावरील इमॅजिका हे उद्यान एप्रिल २०१३ मध्ये खुले झाले. त्याचे संस्थापक मनमोहन शेट्टी हे चित्रपटव्यवसायातील. त्यामुळे येथे चित्रपटांचीच रेलचेल असेल अशी अपेक्षा करावी, तर प्रत्यक्षात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसतात. 'मिस्टर इंडिया' ही सफर शेखर कपूर दिग्दर्शित १९८७ च्या चित्रपटावर आधारित आहे. 'सलीमगढ' हा अंधाऱ्या गढीतून पायी चालत जाण्याचा भूतबंगला मात्र स्वतंत्र संकल्पनेचा आहे. भीतीच्या खेळासाठी चित्रपट न घेता उत्तर भारतीय इतिहासाचा भास देणारे एक नाव घेऊन वातावरण रचावे, असे येथे ठरवलेले दिसते. उद्यान रायगड जिल्ह्यात आणि भूतबंगल्याचे नाव मोगली, ही विसंगती मराठी प्रेक्षकाला जाणवल्याशिवाय राहत नाही. सह्याद्रीतील गढ्या आणि कोकणातील वाडे हाकेच्या अंतरावर होते.

तिसरे उदाहरण उद्यानाचे नाही, तरी या विषयाशी जवळचे आहे. २०१६ मध्ये झी मराठी वाहिनीवर आलेल्या 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेचे चित्रीकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आकेरी येथील एका वाड्यात झाले. मालिका लोकप्रिय होताच लोक तो वाडा पाहायला जाऊ लागले. तिकीट नाही, नट नाहीत, दिवसाचा लख्ख उजेड आहे. तरी पाहणाऱ्याच्या स्मरणातली पात्रे त्या पडवीत वावरत असतात. पडद्यावरील कथेच्या आधाराने साधी वास्तू भूतबंगला कशी होते, हे यावरून कळते.

रचनेतील फरक

चित्रपटाधारित भूतबंगल्याचे मुख्य भांडवल प्रेक्षकाची स्मृती हे असते. आत कोण आहे, तो काय करणार, हे प्रेक्षकाला रांगेत उभे असतानाच ठाऊक असते. कथा सांगण्यात वेळ घालवावा लागत नाही. पहिल्याच दालनातील एखादी वस्तू, एखादे वाद्यसंगीत पुरेसे होते. अशा ठिकाणी भीतीइतकाच ओळख पटण्याचा आनंद महत्त्वाचा असतो आणि प्रेक्षक भिंतीवरील कागदाची नक्षीदेखील मूळ चित्रपटाशी ताडून पाहतो. त्यामुळे रचनाकार मूळ दृश्यांना बांधलेला राहतो. नटाचा चेहरा मूळ नटासारखा दिसावा लागतो. न दिसल्यास मुखवटा चढवावा लागतो आणि मुखवटा चढला की चेहऱ्यावरचा अभिनय संपतो.

याहून मोठी अडचण काळाची आहे. चित्रपट दीड-दोन तासांत भीती मुरवत नेतो. भूतबंगल्यात प्रेक्षक जेमतेम चार-पाच मिनिटे असतो आणि एका दालनात तर काही क्षणच. तोही एकटा नसतो, माणसांच्या साखळीतला एक असतो. पुढच्यावर झडप पडलेली त्याला आधीच दिसते. संथ लयीत भिववणारे चित्रपट म्हणूनच या माध्यमात अवघड जातात. 'ए क्वाएट प्लेस' या चित्रपटावरील घर २०२४ मध्ये ऑरलँडो व हॉलिवूड या दोन्ही ठिकाणी उभारले गेले. त्या चित्रपटात जो आवाज करील तो मरतो. भूतबंगल्यात मात्र प्रेक्षकाने किंचाळावे हाच हेतू असतो. मूळ कथेचा नियम आणि नव्या माध्यमाची गरज यांचा असा सरळ विरोध क्वचितच पाहायला मिळतो.

स्वतंत्र संकल्पनेच्या घराला उसनी स्मृती नसते. प्रवेशद्वाराच्या दर्शनी भागानेच सगळे सांगायचे असते: हे कोणाचे घर, येथे काय घडले, आत शिरणारा मी कोण. एखादी पाटी, विझलेली चूल, उलटा पडलेला पाळणा, एवढ्या खुणांत गोष्ट उभी करावी लागते. ती जमली नाही तर प्रेक्षकाला केवळ काळोख आणि अंगावर येणारी माणसे एवढेच आठवते. जमली तर मात्र पुढे काय होणार हे कोणालाच माहीत नसते आणि भीतीचे मूळ तेथेच आहे. भाषेच्या अध्यापनात ज्याला आपण सूचकता म्हणतो, तिची येथे खरी कसोटी लागते.

या दोन प्रकारांमधील सीमारेषा नेहमी स्पष्ट असतेच असे नाही. २०१८ साली ऑरलँडोत 'स्लॉटर सिनेमा' नावाचे एक घर होते. त्यात प्रेक्षक एकामागून एक हलक्या दर्जाच्या भयपटांत शिरत असे. ते सगळे भयपट उद्यानाच्या लेखकांनी कल्पिलेले होते. रूप चित्रपटाचे आणि कल्पना स्वतंत्र, असा तो मिश्र प्रयोग होता.

टिकाऊपणाच्या दृष्टीने पाहता चित्रपटाधारित रचना लवकर जुनी होते, असे म्हणावे लागते. २०१३ साली 'मिस्टर इंडिया'च्या सफरीत बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाने तो चित्रपट पाहिला असेलच असे नव्हते; त्याच्या आईवडिलांच्या आठवणीवर ती सफर चालत होती. मोगॅम्बोसारखे घराघरांत पोहोचलेले पात्र अशा वेळी तग धरते, इतरांना ते भाग्य लाभत नाही.

मराठी भुते आणि पडदा

मराठी लोककथेत भुतांचे नामवंत कुळ आहे. मुंजा, हडळ, खवीस, वेताळ, समंध, झोटिंग, ब्रह्मराक्षस, गिऱ्हा, जखीण, देवचार यांपैकी प्रत्येकाची राहण्याची जागा, स्वभाव आणि मरणाची कथा निराळी आहे. देवचार तर कोकण-गोव्यात गावाचा राखणदारही मानला जातो. लिखित वाङ्मयात नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या भयकथा आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथा यांनी या परंपरेला आधुनिक घर, कचेरी आणि शहर यांत आणून बसवले.

चित्रपटांनी या साठ्याचा उपयोग दोन परींनी केला. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'मुंज्या' (२०२४) या हिंदी चित्रपटाने कोकणातील लोकसमजुतीतील मुंजा थेट उचलला. समजुतीनुसार मुंज झालेला पण सोडमुंज होण्यापूर्वी मरण पावलेला मुलगा मुंजा होतो व पिंपळावर राहतो. तो अदृश्य असल्याने प्रत्येक घरात त्याचे रूप सांगणाऱ्याच्या शब्दांवर अवलंबून असे. चित्रपटाने त्याला संगणकाच्या साहाय्याने एक निश्चित चेहरा दिला. यापुढे एखाद्या उद्यानाने मुंजाचे दालन उभारले तर प्रेक्षक तोच चेहरा शोधत येईल. असे पाश्चात्त्य देशांत पूर्वीच घडले आहे. मेरी शेली यांच्या १८१८ च्या कादंबरीतील राक्षसाचे डोके सपाट नाही; ते १९३१ च्या युनिव्हर्सलच्या 'फ्रँकेन्स्टाइन' चित्रपटातील रंगभूषेने सपाट केले, आणि आज कादंबरी न वाचलेल्यांनाही तेच रूप खरे वाटते.

राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (२०१८) या चित्रपटाची गोष्ट वेगळी आहे. त्यातील हस्तर हा देव लोककथेतील नाही, तो चित्रपटकर्त्यांनी निर्माण केला. पण कोकणातला पाऊस, पडका वाडा आणि लोभाची शिक्षा या ओळखीच्या गोष्टींत तो असा बसवला आहे की पुष्कळ प्रेक्षकांना ती पूर्वापार दंतकथा वाटते. स्वतंत्र संकल्पना स्थानिक मातीत कशी रुजवावी, याचा हा नमुना आहे. उलट बाजूने, महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (१९९३) मधील तात्या विंचूची कल्पना 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन चित्रपटाशी मिळतीजुळती; तरी रामदास पाध्ये यांच्या हातची ती बाहुली बोलू लागली आणि मराठीच होऊन गेली. बाहेरून आलेले भूत येथे रुळत नाही असे समजण्याचे कारण नाही.

भूतबंगल्याच्या दृष्टीने लोककथेतील सर्वांत सोयीची कल्पना बहुधा 'चकवा' ही ठरेल. उत्तर कोकणासह सर्व कोकणपट्टीत चकव्याच्या गोष्टी सांगतात. रात्री रानातून जाणारा वाटसरू ओळखीच्याच वाटेवर फिरत राहतो, पुन्हा पुन्हा त्याच झाडापाशी येतो, आणि उजाडेपर्यंत एका जागी बसून राहणे हाच त्यावरचा उपाय असतो. येथे अंगावर धावून येणारे कोणी नाही. एकच दालन, तेच झाड, तीच विहीर, फक्त प्रत्येक खेपेस एक वस्तू बदललेली, एवढ्यावर संपूर्ण भूतबंगला उभा राहू शकतो. एकेरी वाटेचा जो दोष वर सांगितला, तोच येथे कथेचा आशय होतो.

अन्य देशांत लोककथेवर आधारित घरे यशस्वी झाली आहेत. हॉलिवूडच्या उत्सवात मेक्सिकन लोककथेतील 'ला योरोना' या रडणाऱ्या स्त्रीचे घर २०११ मध्ये होते. सिंगापूरमध्ये मलाय लोककथेतील 'पोंटियानाक' हिचे घर २०१८ मध्ये उभारले गेले. बाळंतपणात दगावलेल्या स्त्रीचे हे भूत आपल्या हडळीची जवळची नातलग शोभेल.

पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाडा भागात होणारा बोहाडा हा उत्सव या संदर्भात अनेकदा आठवतो. रात्रीच्या वेळी, वाद्यांच्या तालावर, देव आणि राक्षसांचे मुखवटे घातलेली सोंगे गावातून नाचत येतात. तथापि बोहाडा हा देवकार्याचा भाग आहे, भीतीचा खेळ नव्हे. त्यातील मुखवटे उचलून भूतबंगल्यात टांगणे म्हणजे लोककलेचा गौरव झाला असे होत नाही.

हक्क आणि जबाबदारी

भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार चित्रपटावरील हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. त्या काळात चित्रपटातील पात्र, सेट, संगीत वापरण्यास परवाना लागतो. केवळ कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो. हक्क असतो तो तिच्या विशिष्ट आविष्कारावर. म्हणून मुंजा सर्वांचा आहे, पण 'मुंज्या' चित्रपटातील त्याचे रूप निर्मात्यांचे आहे.

लोककथेतील भूत विनामूल्य मिळते. मात्र त्यामागे श्रद्धेचे ओझे असते. महाराष्ट्रात २०१३ साली नरबळी व इतर अमानुष, अनिष्ट, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा झाला. भुताचे भय दाखवून लोकांना धाक घालणे, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, एखाद्यावर चेटूक-करणीचा आरोप करणे अशा कृत्यांवर तो लागू होतो. तिकिटावरच 'खेळ' असे सांगणारा भूतबंगला या कक्षेत येत नाही. परंतु 'ही सत्यघटना आहे' अशी जाहिरात करून एखाद्या खऱ्या गावाचे नाव जोडले, की रचनाकार त्या सीमेजवळ जातो. डाकीण किंवा चेटकीण ही पात्रे तर विशेष जपून वापरावी लागतात. नंदुरबार जिल्ह्यासारख्या भागांत डाकीण ठरवून जिवंत स्त्रियांचा छळ झालेला आहे. शहरातील मुलाला जी केवळ रबरी मुखवट्याची म्हातारी वाटते, तिच्या नावाने दुसऱ्या एखाद्या गावात कोणाचे तरी घर उठलेले असते. 'फ्रेडी' किंवा 'मोगॅम्बो' यांच्या बाबतीत हा धोका संभवत नाही, ही चित्रपटाधारित प्रकाराची एक जमेची बाजू मान्य केली पाहिजे.

बांधणी व सुरक्षितता

भूतबंगल्याची बांधणी चित्रपटाच्या सेटसारखीच असते: लाकडी सांगाडा, प्लायवूड, प्लास्टर ऑफ पॅरिस, फायबरचे साचे, गोणपाट, काळे कापड. नायगाव आणि कामण परिसरातील मालिकांच्या सेटवर, तसेच गणेशोत्सवातील गुहा व महालांच्या देखाव्यांत हीच सामग्री आणि बरेचदा तीच कारागिरी दिसते. वालीवसारख्या औद्योगिक वस्तीत सुतारकाम, फायबर व रंगकाम जाणणारे हात असतात. त्यांना या कामाचे मूलतत्त्व नव्याने शिकवावे लागत नाही. सेट आणि भूतबंगला यांत एक मोठा फरक मात्र आहे. सेटवर कॅमेरा एका बाजूने पाहतो. भूतबंगल्यात रात्रभर शेकडो माणसे भिंतीला हात लावत, धडकत, पळत जातात. त्यामुळे भिंतीमागील आधार मजबूत लागतो, खिळे-पत्र्याच्या कडा झाकाव्या लागतात आणि नटाला दडण्यासाठी व सटकण्यासाठी स्वतंत्र वाट ठेवावी लागते.

खरा धोका आगीचा. ११ मे १९८४ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर या उद्यानातील 'हॉन्टेड कॅसल' जळून आठ किशोरवयीन मुले मृत्युमुखी पडली. ती वास्तू ट्रेलर जोडून केलेली होती आणि आत पाण्याचे स्वयंचलित फवारे नव्हते. काळोख, धूर आणि किंकाळ्या हा जेथे खेळाचाच भाग असतो, तेथे खरी आग लागली हे कळायलाच उशीर होतो. त्यानंतर अमेरिकेतील नियमांत अशा वास्तूंचा स्वतंत्र विचार झाला. धोक्याची सूचना मिळताच सर्व आवाज आपोआप बंद होणे, लख्ख दिवे लागणे आणि बाहेर पडण्याच्या खुणा दिसणे आवश्यक ठरले. भारतात २५ मे २०२४ रोजी राजकोट येथील खेळांच्या केंद्राला लागलेल्या आगीत लहान मुलांसह अनेकांचा बळी गेला, तेव्हा तात्पुरत्या बांधणीच्या करमणूक केंद्रांचा प्रश्न ऐरणीवर आला. महाराष्ट्रात यासाठी महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. जत्रेतील कनातीच्या भूतबंगल्याला पंधरा दिवसांसाठी जागा देतानाही बाहेर पडण्याची दुसरी वाट, विजेची उघडी जोडणी आणि कापडाचा प्रकार या तीन गोष्टी प्रवेशद्वारापाशी उभे राहून, दिवसाच्या उजेडात तपासता येतात.